कायतानबाबांचा कुकर

“कुणाची तरी रिंग गेलीय,” आई म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या होत्या. हातात अर्धवट सोललेला बटाटा होता. खिडकी इमारतीच्या आतल्या चौकात उघडत होती. चारही बाजूंना पिवळट भिंती, प्रत्येक खिडकीखाली दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि वर आकाशाचा निळा चौकोन. मी टेबलाशी बसून लिस्बनचा नकाशा बघत होते. आता तो बघून काही उपयोग नव्हता, पण समोर होता म्हणून बघत होते.

“कसली रिंग?”

“कुकरची. ऐक.”

मी ऐकलं. वरून कुठून तरी सूंऽऽ असा आवाज येत होता. तो वाढत गेला, आता शिट्टी होणार असं वाटलं, आणि पुन्हा खाली बसला.

“वाफ बाजूनं निसटतेय,” मी म्हटलं. “दाबच तयार होत नाहीये. शिट्टी होणार कशी?”

“तेच म्हणाले ना मी. रिंग गेलीय.” आईंनी बटाटा खाली ठेवला. “केव्हापासून चाललंय. आतलं काही शिजणार नाही, नुसतं पाणी आटेल. कुणी तरी पंजाबी मुलगा असणार. शिकायला आलेला. आईनं कुकर दिला, रिंग दिली नाही. राजमा लावला असेल मेल्यानं.”

“राजमा कशावरून?”

“इतका वेळ गॅसवर ठेवलंय म्हणजे राजमाच. वरणभाताला कोण एवढा वेळ देतं?”

ती २०२० सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. मी तेव्हा हॉलंडमध्ये डेल्फ्टला एका प्रयोगशाळेत काम करत होते. गावोगावच्या सांडपाण्यात विषाणूचे अंश किती सापडतात ते आम्ही मोजायचो. साथ चढतेय की उतरतेय, हे त्यावरून इस्पितळांच्या आकड्यांआधी कळायचं. मार्चपासून मी एकही रजा घेतली नव्हती. घरी आले की आई दारातूनच ओरडायच्या, “आलीस का गटारं मोजून? आधी आंघोळ!”

आई म्हणजे माझ्या सासूबाई, वसुधा प्रभुदेसाई. फेब्रुवारीत त्या नाशिकहून आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आल्या, मग विमानं बंद झाली आणि त्या राहूनच गेल्या. नोव्हेंबरात माझ्या वरिष्ठांनी मला जवळजवळ हाकललंच. म्हणाले, चार दिवस ऊन असेल अशा ठिकाणी जा, तुझ्या नोंदींत चुका नाहीत पण तुझा चेहरा बघवत नाही. लिस्बनला जायला तेव्हा बंदी नव्हती. जावं की नाही यावर मी बराच विचार केला, आम्ही दोघींनी तपासण्या करून घेतल्या आणि गेलो. मंदारला, माझ्या नवऱ्याला, रजा नव्हती.

“तू आईला घेऊन जा,” तो म्हणाला होता. “आणि तिच्याशी बोल. तुझ्याशी ती नीट बोलेल.”

काय बोलायचं ते आम्हा दोघांना माहीत होतं. विमानं पुन्हा सुरू झाली होती आणि आईंचं डिसेंबरातलं परतीचं तिकीट काढलेलं होतं. मंदारला ते रद्द करायचं होतं. नाशिकचा फ्लॅट विकून आईंनी कायमचं आमच्याकडे राहावं, असं त्याच्या मनात होतं. दोन वर्षांपूर्वी त्याचे बाबा गेले तेव्हा तो विमानात होता. उतरल्यावर फोन सुरू केला आणि कळलं. तेव्हापासून आईंच्या साध्या खोकल्यानंही तो उठून बसायचा. त्यानं आईंना कितीदा तरी विचारलं होतं. प्रत्येक वेळी त्या एकच शब्द बोलायच्या, “बघू.” सोमवारी आम्ही परत जाईपर्यंत त्या ‘बघू’चं मला काही तरी करायचं होतं.

मलाही त्या राहायला हव्या होत्या. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

आम्ही पोहोचलो आणि त्याच सुमारास तिथले नियम बदलले. शनिवार-रविवार दुपारी एकनंतर घराबाहेर पडायचं नाही. त्यामुळे शनिवारी सकाळी आम्ही भराभर एक चढ चढलो, एक उतरलो, एका चर्चच्या पायरीवर बसून दिवाळीचा उरलेला चिवडा खाल्ला आणि भाड्याच्या घरात येऊन दार लावून घेतलं. आईंची मात्र तयारी होती. त्यांनी प्रवासाच्या बॅगेत कुकर आणला होता. विमानतळावरच्या तपासनीस बाईनं झाकण उघडून बघितलं होतं. आत तांदूळ, तूरडाळ, हिंगाची डबी आणि मोजे. कुकर कशाला, असं मी निघताना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “साथीच्या दिवसांत परक्याच्या हातचं खायचं नाही, असं तूच सांगत असतेस ना?” मी असं कधीच सांगितलं नव्हतं.

वरचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

“परत लावला,” आई म्हणाल्या. “माझ्याकडे जास्तीची रिंग आहे. द्यायची कशी?”

“आई, आपण कुणाच्या घरी जाऊ शकत नाही. नियम आहे.”

“मी कुठे जाते म्हणतेय? शिट्टी ऐकून तोच खिडकीत येईल.”

त्यांनी आमचा कुकर गॅसवर चढवला, खिडकी पूर्ण उघडली आणि गॅस मोठा केला. आत नुसतं पाणी होतं. थोड्या वेळानं चौकात आमच्या कुकरची शिट्टी झाली. त्या दगडी भिंतींमध्ये ती एवढ्या मोठ्यानं घुमली, की कुणाच्या तरी खिडकीतलं मांजर उडी मारून आत गेलं. दुसरी झाली. तिसरी झाली.

“आई, पुरे. लोक पोलिसांना बोलावतील.”

“बोलावू देत. वरण लावलंय म्हणून सांगू.”

काटकोनातल्या भिंतीवर, आमच्यापेक्षा एक मजला वर, एक खिडकी धाडकन उघडली. पांढऱ्या मिशांचा, विटकरी स्वेटर घातलेला एक म्हातारा बाहेर झुकला आणि हात हलवत पोर्तुगीजमध्ये काही तरी ओरडला. मी घाईघाईनं मास्क लावून खिडकीशी गेले, इंग्रजीत माफी मागितली, पुन्हा असं होणार नाही म्हटलं. तो आणखी मोठ्यानं ओरडला.

माझ्यामागे आई हळूच, स्वतःशीच म्हणाल्या, “म्हाताऱ्याक राग इलो वाटता.”

म्हातारा थांबला. त्याचा हात हवेतच राहिला.

“कोण गो ती?” त्यानं विचारलं. “कोण उलयता?”

आईंनी मला बाजूला सारलं. नाजूकपणे नाही, चांगलं कोपरानं. खिडकीच्या चौकटीवर दोन्ही हात टेकून त्या इतक्या बाहेर झुकल्या की मी त्यांचा पदर मागून धरला.

“मी!” त्या वर बघून म्हणाल्या. “तुमच्या कुकराची रिंग गेलीसा! वाफ बाजून भायर जाता! कवचा आयकतंय!”

लग्नानंतरच्या नऊ वर्षांत मी आईंना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्या बोलायच्या ते नाशिकचं, स्वच्छ, जरासं हळू मराठी. हा आवाज वेगळाच होता. तो पोटातून येत होता आणि कुणी ऐकेल याची त्याला फिकीर नव्हती.

“तूं खंयची गो बाय?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“शिरोड्याची! आरोसकरांचा चेडू!”

मी अकोल्याची. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत. पण ‘चेडू’ म्हणजे पोरगी, एवढं मला कळत होतं. माझ्या सत्तर वर्षांच्या सासूबाई परदेशातल्या एका खिडकीतून ओरडून सांगत होत्या, की त्या शिरोड्याच्या आरोसकरांची पोरगी आहेत.

“हांव हरमलचो!” म्हातारा म्हणाला. “कायतान! शिरोडें म्हणल्यार आमच्या हुमऱ्यार!”

आई वळून मला म्हणाल्या, “हरमल गं, गोव्यातलं. शिरोड्याच्या अगदी उंबऱ्यावर. मधे तेरेखोलची खाडी, बस.” मग पुन्हा वर, “किती लिटरचो कुकर तुमचो?”

“खबर ना. व्हडलो.”

“दाखवा बघूया!”

कायतानबाबांनी आत जाऊन कुकर आणला आणि सरळ खिडकीबाहेर धरला. दोन्ही हातांनी, लहान मुलाला आकाश दाखवावं तसा. खाली कुणी नाही ना, हे मी वाकून पाहिलं.

“आत घ्या, आत घ्या!” आई ओरडल्या. “कळला माका. पाच लिटरचो. आमचो पण तोच. काय शिजवतात त्यात?”

“उकडे तांदूळ. पेज करूंक.”

मी आईंकडे पाहिलं. “राजमा?”

“तू गप गं,” त्या म्हणाल्या.

रिंग वर पोचवायचं काम माझ्याकडे आलं. कायतानबाबांकडे एक टोपली होती. दुकानातला मुलगा खाली सामान ठेवायचा आणि ते दोरीनं वर ओढून घ्यायचे. इमारतीच्या त्या बाजूचा जिना वेगळा होता आणि महिनोन्‌महिने ते खाली उतरले नव्हते. रिंग मी साबणानं धुतली, पुसली, स्वच्छ पिशवीत घातली. आईंनी त्यात चिवड्याची पुडी टाकली. टोपली खाली आली, पण कोपऱ्यातून. ती आमच्या खिडकीपासून दोन हात लांब लोंबत होती. मी केरसुणीच्या दांड्यानं ती ओढायचा प्रयत्न केला. ती गोल फिरून निसटली.

“ही कोण? धूव?” वरून प्रश्न आला.

“सून,” आई म्हणाल्या.

“उलयना?”

“कमी बोलता. सगळा मापता.”

“मापून जालें जाल्यार टोपली धर म्हण.”

दोघंही हसले. माझ्यावर. मला राग आला नाही. मी दोरीचा झोका येण्याची वाट पाहिली, ती अलीकडे आली तेव्हा दांडा अडकवला आणि टोपली ओढून घेतली. वरून टाळ्या वाजल्या.

थोड्या वेळानं टोपली पुन्हा खाली आली. तिच्यात सार्डिन माशांचा एक डबा होता आणि एक लिंबू.

“तारलेच हे!” आई डबा उलटसुलट करत म्हणाल्या. “डब्यात घालून काय अवस्था केलीय बिचाऱ्यांची.”

मग चौकात शिट्टी झाली. वरून. घट्ट, नेमकी, टोकदार. आई डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या शिट्टीला ओरडल्या, “आता बारीक करा!”

“नांव कितें गो तुजें?” कायतानबाबांनी विचारलं.

आई किंचित थांबल्या. “शेवंती,” त्या म्हणाल्या.

जेवताना मी विचारलं, “शेवंती?”

“माहेरचं नाव,” त्यांनी वरण वाढत सांगितलं. “लग्नात बदललं. वसुधा छान नाव आहे, तक्रार नाही.”

“आणि ते बोलणं?”

“ते पण तेव्हाच राहिलं. मी काही बोलले की सगळे हसायचे. ‘माका तुका’ करून दाखवायचे. वाईट नव्हते गं ते, गंमत करायचे. मग मीच बंद केलं. मंदारला तर माहीतही नसेल.” त्यांनी लिंबू कापून माझ्या ताटात पिळलं. “बापू फोन करतो ना शिरोड्याहून, तेव्हा बोलते थोडं. गॅलरीत जाऊन.”

बापू म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. आमच्या घरीसुद्धा, डेल्फ्टच्या थंडीत, आई शाल गुंडाळून गॅलरीत फोन घ्यायच्या. आम्हाला त्रास नको म्हणून जातात, असं मी समजत होते.

संध्याकाळी मंदारचा फोन आला. “विचारलंस?”

“अजून नाही.”

“मग केलंत काय दिवसभर?”

“कुकर दुरुस्त केला,” मी म्हटलं.

रविवारी सकाळी आम्ही पाण्याकाठच्या मोठ्या चौकात गेलो. दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. ऊन होतं, माणसं फार थोडी होती, सगळ्यांच्या तोंडावर मास्क. पलीकडचा काठ धुक्यात पुसट झाला होता.

“किती दिवसांनी समुद्र बघतेय,” मी म्हटलं.

आईंनी मास्क नाकाखाली घेतला, एकदा श्वास घेतला आणि पुन्हा वर केला. “नदी आहे ही.”

नदीच होती. मी नकाशात पाहिलं होतं, तरी विसरले होते.

आम्ही पायरीवर बसलो. मी कामाला लागले. डिसेंबरात नाशिकला एकटं राहणं कसं धोक्याचं आहे, आकडे काय सांगतात, लस यायला किती वेळ लागेल, ती आल्यावरही पहिले काही महिने कसे जातील. मी सगळं क्रमानं सांगितलं. आईंनी सगळं ऐकून घेतलं.

“हे मंदारचं झालं,” त्या म्हणाल्या. “तुला काय हवंय?”

“तुम्ही राहावं.”

“का? गटारं मोजून आल्यावर कुणी तरी ओरडायला हवं म्हणून?”

“हो,” मी म्हटलं. “त्याचसाठी.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि सॅनिटायझरनं कोरड्या पडलेल्या माझ्या बोटांवरून अंगठा फिरवत बसल्या. मला वाटलं, आता हो म्हणतील.

“बघू,” त्या म्हणाल्या.

दुपारी खिडकी वाटच बघत होती. कायतानबाबांनी खुर्ची खिडकीला लावून घेतली होती आणि डोक्यावर टोपी चढवली होती. आईंनी स्टूल ओढलं. मी आत टेबलाशी होते. त्यांचं बोलणं मला निम्मं कळत होतं आणि उरलेलं निम्मं मी जुळवत होते. कायतानबाबा विशीत इकडे आले होते, बोटीवर काम मिळालं म्हणून. इथंच लग्न झालं. बायको मरी, तीही गोव्याची, तिनंच हा कुकर एकदा बॅगेत घालून आणला होता. मरीला जाऊन बरीच वर्षं झाली. मूल नव्हतं.

“मगे परत गेलास नाय कधी?” आईंनी विचारलं.

“दर वर्सा म्हणटालों, फुडल्या वर्सा वतां.” कायतानबाबा हसले. “आतां कोण ना थंय. घर लेगीत विकलें.”

आईंनी स्टूल खिडकीच्या आणखी जवळ ओढलं.

“तूं? तूं खंय रावतली?”

“बघूया.”

“बघूया म्हणूं नाका गो,” ते म्हणाले. “हांव साठ वर्सां बघत रावलों.”

ते रागानं म्हणाले नाहीत. टोपीची कड सारखी करत म्हणाले. चौकात खालच्या मजल्यावर कुणी तरी चादर झटकत होतं.

मग थोड्या वेळानं त्यांनी एक मागणं मागितलं. मागताना ते ओशाळले होते, म्हणून मला नीट आठवतं. हरमलला त्यांचं घर होतं तिथून रात्रंदिवस समुद्र ऐकू यायचा. इथं नदी आहे, तिला आवाज नाही. “तूं घरा गेल्यार एक दीस हरमल वच. फोन कर. म्हाका दर्यो आयकय.”

“दर्या?” आईंनी विचारलं.

“दर्यो. दुसरें कांय नाका.”

आईंनी माझ्याकडे हात केला. “नंबर लिहून घे गं.” कायतानबाबांकडे फक्त घरातला साधा फोन होता. ते एकेक आकडा ओरडत गेले आणि मी तो मोबाइलमध्ये घेतला.

संध्याकाळी आई कुकर पुसत होत्या. परतीच्या बॅगेत तो कोरडा जायला हवा होता. पुसून झाला तरी त्या पुसतच होत्या.

आम्ही त्यांना आठ महिने एकच प्रश्न विचारत होतो. इथं की नाशिकला? दोन्ही घरं आमच्या ओळखीची होती, म्हणून तेवढीच आम्हाला दिसत होती. प्रयोगशाळेत असं कुणी केलं असतं तर मी त्याला विचारलं असतं, बाकीच्या शक्यता कुठे गेल्या?

“आई,” मी म्हटलं, “तुम्हाला कुठे राहायचंय?”

त्यांचा हात थांबला.

“शिरोड्याला,” त्या म्हणाल्या. इतक्या पटकन, की उत्तर कधीपासून तयार होतं ते कळलं. “बापूच्या घरामागं एक खोली आहे. आंब्याचे पेटारे ठेवतो तिथं. दोन खिडक्या आहेत. तो दर वर्षी म्हणतो, ये.”

“मग सांगितलं का नाही?”

“मंदार विचारायचा, इथं की नाशिकला. नाशिक म्हणाले असते तर त्याला वाटलं असतं, बाबांच्या आठवणीपायी जातेय. शिरोडा म्हणाले असते तर वाटलं असतं, मुलापेक्षा भाऊ जवळचा. त्याला दुखवायचं नव्हतं गं.” त्यांनी कुकरचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “आणि तुलाही सोडून जायचंय असं नाही. तुझी तर सवय झालीय मला.”

बोलले असते तर रडले असते आणि मग त्या राहिल्या असत्या. हे मला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसत होतं. मी कुकर त्यांच्या हातातून घेतला आणि त्यात मोजे भरले.

मंदारला फोन मी लावला. “त्या आपल्याकडे राहणार नाहीत. नाशिकलाही नाही. त्यांना शिरोड्याला जायचंय.”

“शिरोडा?” तो म्हणाला. “शिरोड्यात काय आहे? तिथं धड इस्पितळ तरी आहे का? ऋजुता, तुला तिचं मन वळवायला पाठवलं होतं मी.”

“विचारायला पाठवलं होतंस. मी विचारलं.”

आईंनी हात पुढे केला, मी फोन दिला. त्या खिडकीपाशी गेल्या आणि तिथं, पहिल्यांदाच आपल्या मुलाशी, त्या शिरोड्याच्या भाषेत बोलल्या. “मंदार, बाबा गेले तेवा तू इमानात होतंस. ता काय तुझा पाप न्हय रे. माका जवळ बसवन ठेवलंस म्हणान ता पुसाचा नाय.” मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “कळलं का? नाही कळलं तर परत सांगते.”

मग मंदारचा आवाज आला, “कळलं. पण आई, तू हे कुठं शिकलीस?”

आई खळखळून हसल्या.

डिसेंबरात त्या गेल्या. विमानतळावर मंदारनं त्यांना इतके मास्क दिले, की आख्ख्या शिरोड्याला पुरले असते. कुकर त्या माझ्याकडे ठेवून गेल्या. म्हणाल्या, बापूकडे आहे एक, आणि तू आपली पातेल्यात भात करशील, त्याचा गिचका होईल.

जानेवारीच्या शेवटी त्यांचा व्हॉट्सॲपवर फोन आला. “हरमलला आलेय. बापूनं आणलं. लाव तुझ्या म्हाताऱ्याला.”

लिस्बनमध्ये तेव्हा साथ फार वाईट होती. रोज सकाळी मी तिथले आकडे बघत होते आणि बघून ते पान बंद करत होते. मंदारच्या फोनवरून मी कायतानबाबांचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. आई दुसऱ्या फोनवरून विचारत होत्या, “काय झालं? उचलत नाहीत?” मी म्हटलं, “थांबा.” तिसऱ्यांदा लावला. बऱ्याच वेळानं खडखड झाली आणि आवाज आला, “एश्तो?” पोर्तुगीजांचं हॅलो.

मी दोन्ही फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर समोरासमोर ठेवले, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी येईल असे.

“कायतानबाब! शेवंती! हरमलच्या दर्यार उभी आसंय. आयकूक येता?” त्या गप्प झाल्या. समुद्र ऐकू यावा म्हणून त्यांनी फोन लाटांकडे धरला असणार.

काहीच आलं नाही. निव्वळ शांतता.

“आयकूंक येना गो,” कायतानबाबा हळूच म्हणाले.

मला कारण माहीत होतं. हे फोन माणसाचा आवाज तेवढा ठेवतात आणि मागची अखंड घरघर गोंगाट समजून गाळतात. कुणी बोलत असेल तेव्हाच दार उघडं असतं, त्या वेळी मागचंही थोडं आत येतं.

“आई,” मी म्हटलं, “गप्प राहू नका. बोलत राहा. तुम्ही बोललात तरच समुद्र ऐकू येईल.”

“काय बोलू?”

“काहीही.”

मग त्या बोलू लागल्या. वाळूत कोण आहे, होड्या किती वर ओढल्यात, बापूनं चपला हातात घेतल्यात, एक कुत्रा मागं लागलाय, माडाचा झाप पडलाय, खोलीतले आंब्याचे पेटारे निघाले पण वास काही जात नाही. आणि त्यांच्या शब्दांच्या मागं, शब्दांना धरून, तो आला. आधी नुसती खरखर, मग एक लाट स्पष्ट. त्या श्वास घ्यायला थांबल्या की लाटही थांबायची. पुन्हा बोलल्या की पुन्हा यायची. मी खुर्चीत हलले नाही. डेल्फ्टमध्ये बाहेर बर्फ होता.

कायतानबाबा एक अक्षर बोलले नाहीत. फक्त त्यांचा श्वास येत होता.

बऱ्याच वेळानं आई म्हणाल्या, “आसात मां? काय तरी बोला. घसो सुकलो माझो.”

“रव,” ते म्हणाले. “हालूं नाका.”

पावलांचा आवाज लांब गेला. काही तरी खणखणलं. पावलं परत आली नाहीत. आम्ही दोघी वाट बघत राहिलो, एक टेबलाशी, एक समुद्राशी. आणि मग लिस्बनच्या त्या स्वयंपाकघरातून, घट्ट, नेमकी, टोकदार, शिट्टी आली. लगोलग दुसरी. तिसरी.

“तीन झाल्यो!” आई लाटांवरून ओरडल्या. “आता बारीक करा!”